वेण्णा : तलावामागची नदी

महाबळेश्वरला सहलीला गेलेले कुटुंब वेण्णा तलावावर हमखास थांबते. मुले नावेत बसतात, घोड्यावरून रपेट मारतात, भाजलेले कणीस खाऊन मंडळी परततात. वेण्णा हे तलावाचेच नाव, असे बहुतेकांना वाटते. खरे तर ते एका नदीचे नाव आहे. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली तिचे पाणी अडवून हा तलाव बांधला.

महाबळेश्वरच्या पठारावर पाच नद्यांचा उगम मानला जातो. सावित्री आणि गायत्री कोकणात उतरतात. कृष्णा, कोयना आणि वेण्णा देशाकडे वळतात. तलावातून निघालेली वेण्णा लिंगमळ्याच्या कड्यावरून खाली कोसळते. मग जावळीच्या खोऱ्यातून मेढ्याजवळून वाहत ती कण्हेर धरणात येते. तिकडे डोंगररांगेपलीकडे कृष्णा वाईमार्गे निघालेली असते. एका माहेरच्या दोन बहिणींनी वेगळ्या वाटा धराव्यात आणि पुढे भेटावे, तशा या दोघी साताऱ्याजवळ संगम माहुलीला भेटतात.

संगमानंतर नकाशावर फक्त 'कृष्णा' उरते. पण धाकटीचे नाव पुरते पुसले गेलेले नाही. कृष्णेला जुन्या ग्रंथांत 'कृष्णवेणा', 'कृष्णवेणी' म्हटले आहे, आणि कर्नाटक, आंध्रात आजही 'कृष्णवेणी' हे नाव ऐकू येते. या जोडनावातली वेणी म्हणजे आपली वेण्णा, असे परंपरा मानते. ओडिशातील खारवेल राजाच्या हाथीगुंफा शिलालेखात 'कण्हबेण्णा' नदीचा उल्लेख आहे. काही अभ्यासक ती कृष्णाच मानतात, तर काही जण तिला विदर्भातील नदी समझतात. विदर्भातही हिंगणघाटजवळून वाहणारी एक वेणा आहेच. म्हणजे हे नाव फार जुने आणि दूरवर पसरलेले.

वाचकहो, नावाचा हा शोध केवळ हौसेचा नाही. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या घराघरांत पिण्यासाठी याच तलावाचे पाणी जाते. आपण काठावर टाकलेली बाटली, वेष्टन, उरलेले अन्न पावसाबरोबर त्याच पाण्यात उतरते आणि पुढे खोऱ्यातल्या गावांकडे जाते. सहलीचे ठिकाण समजून आपण जे सहज करतो, ते कुणाच्या घरातील पाण्याच्या हंड्याजवळ बसून करू का?

पुढच्या वेळी तलावावर गेलात, तर नावेत बसण्याआधी मुलांना एवढे जरूर सांगा : ही नदी आहे, तिचे नाव वेण्णा, आणि हे पाणी इथले लोक पितात. मग आपला कचरा पिशवीत भरून सोबत परत आणा.