भयाची भिंत आणि झाडातील ढोली

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वर्णद्वेषाची कादंबरी म्हणून ती सर्वत्र वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिचा पूर्वार्ध खटल्यापेक्षा एका बंद घराने आणि त्या घराविषयी तीन मुलांना वाटणाऱ्या भीतीने अधिक व्यापलेला आहे. बालपणाचे रंजक चित्रण एवढेच त्याचे महत्त्व मानून वाचक पुष्कळदा पुढे सरकतो. वस्तुतः कादंबरीच्या आशयाची किल्ली याच भागात आहे.

अलाबामा राज्यातील मेकॉम हे काल्पनिक गाव. काळ १९३० नंतरच्या आर्थिक मंदीचा. निवेदन करणारी स्काउट आरंभी सहा वर्षांचीही नाही. भाऊ जेम तिच्याहून चार वर्षांनी मोठा, आणि डिल हा सुटीत येणारा सोबती. त्यांच्या घराजवळच आर्थर रॅडली राहतो. किशोरवयात मित्रांच्या नादाने केलेल्या दांडगाईनंतर वडिलांनी त्याला घरातच ठेवले, आणि गावाच्या दृष्टीने तो नाहीसा झाला. उरले ते ‘बू’ हे नाव. मुलांना दचकवताना आपण ‘भॉक’ करतो, तसाच हा उद्गार. म्हणजे माणसाचे नाव गेले आणि त्या जागी बागुलबुवा आला.

जेमच्या कल्पनेतला बू साडेसहा फूट उंच आहे. तो कच्च्या खारी आणि मांजरे खातो. त्याचे हात रक्ताने माखलेले आहेत. रॅडलींच्या झाडाची फळे शाळेच्या अंगणात पडतात, पण विषाच्या भीतीने कोणी त्यांना शिवत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही भीती मुलांनी निर्माण केलेली नाही. शेजारणीच्या कुजबुजीतून आणि गावातल्या ऐकीव गोष्टींतून ती त्यांच्याकडे आली आहे. मुलांनी तिला केवळ रंगरूप दिले.

मग रॅडलींच्या अंगणाच्या कडेला असलेल्या ओक वृक्षाच्या ढोलीत वस्तू सापडू लागतात: च्युइंगम, जुनी नाणी, साबणात कोरलेल्या दोन मुलांच्या बाहुल्या, मोडके घड्याळ. कुंपणात अडकून फाटलेली जेमची विजार शिवून, घडी घालून ठेवलेली मिळते. शेजारचे घर जळते त्या थंड रात्री स्काउटच्या खांद्यांवर नकळत घोंगडी पांघरली जाते. आर्थरचा थोरला भाऊ ढोली सिमेंटने बुजवतो तेव्हा जेम रडतो. ज्याला तो राक्षस समजत होता, त्याच्याशी असलेला एकमेव संवाद तुटला, हे त्याला उमगलेले असते. मुलांची भीती अशी पुराव्यापुढे हळूहळू नमते.

मोठ्यांची भीती मात्र नमत नाही. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा आरोप आहे. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार बसलेला. टॉमचा डावा हात लहानपणी सरकीच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. न्यायालयात हे सारे उघड दिसते, तरीही ज्यूरी त्याला दोषी ठरवते. बूविषयीची भीती आणि टॉमविषयीची भीती यांचे मूळ एकच: न पाहिलेल्या माणसाविषयी ऐकलेले खरे मानणे. फरक एवढाच, की मुले ढोलीत हात घालतात. मोठी माणसे घालत नाहीत.

या संदर्भात रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ या १८९२ मधील कथेचे स्मरण होते. रहमतच्या झोळीत मुले असतात असे चिमुकल्या मिनीला वाटते. बदाम-मनुका हाती येताच ते भय विरते. तिच्या आईचा संशय मात्र टिकून राहतो. दोन भिन्न साहित्यांत बालमनाविषयी झालेले हे एकच निरीक्षण आहे.

तथापि लीबाईंनी बूला निव्वळ देवदूत केलेले नाही. मुलांवर हल्ला करणारा बॉब एवेल मरतो तो बूच्या हातून, हे सूचित आहे. एवेल स्वतःच्याच सुरीवर पडला, असे शेरीफ ठरवतो आणि एका लाजाळू माणसाला गावाच्या कौतुकापासूनही वाचवतो. हा निर्णय करुणेचा खरा. पण अशी करुणा टॉमच्या वाट्याला आली नाही, ही बोच वाचकाच्या मनात राहते, आणि राहिली पाहिजे.

मुलांचे सारे खेळ बूला घराबाहेर काढण्यासाठी होते. शेवटी तो बाहेर येतो तेव्हा स्काउट त्याचा हात धरून त्याला घरी पोचवते आणि त्याच्या ओसरीवर उभी राहून आपली गल्ली पाहते. गल्ली तीच, पण ती आता आर्थरच्या खिडकीतून दिसावी तशी दिसते. भीती संपणे म्हणजे दुसऱ्याला आपल्या उजेडात ओढणे नव्हे. त्याच्या जागी क्षणभर उभे राहणे होय.