तन्मना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीचे जे नियम आले आहेत, त्यांपैकी उष्ण, स्निग्ध आणि मात्रावत् हे आपण रुग्णाला आवर्जून सांगतो. न बोलता, न हसता, तन्मना होऊन जेवावे, हा नियम मात्र घाईत उरकला जातो किंवा राहूनच जातो. तो चिठ्ठीवर औषधासारखा लिहिता येत नाही, हे एक कारण. शिवाय सांगणाऱ्या वैद्याचा स्वतःचा डबाही बहुधा दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, एका हाताने मोबाइल चाळत संपलेला असतो.

या नियमाची उपपत्ती शारीरस्थानात सापडते. अणुत्व आणि एकत्व हे मनाचे दोन गुण तेथे सांगितले आहेत. मन ज्या इंद्रियाशी जोडलेले नाही, त्याच्यासमोर विषय असूनही ज्ञान होत नाही. जिभेवर लिंबाची फोड आहे आणि मन कर्जाच्या हप्त्यावर आहे, तर आम्ल रस जाणणार कोण? विमानस्थानाचा दुसरा अध्याय याच्याही पुढे जातो. चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्याला पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेऊनही पचत नाही. म्हणजे समोरच्या घासापाशी मन असणे हा थेट अग्नीशी निगडित विषय ठरतो.

सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रह आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. वयःस्थापनात आवळा श्रेष्ठ मानणाऱ्या त्याच यादीत प्रीणन करणाऱ्यांत हर्ष, पुष्टी देणाऱ्यांत निर्वृती आणि रोग वाढविणाऱ्यांत विषाद अग्रस्थानी आहे. आवळ्याच्या आपण बरण्या भरल्या. हर्षाची बरणी अद्याप कोणत्याही फार्मसीत भरता आलेली नाही.

आणि तरीही तो फार्मसीतच भेटतो, असे म्हणावेसे वाटते. मोठ्या कढईत तेल सिद्ध करताना शेवटचा काळ आठवावा. तेलावर फेस येऊ लागतो (घृत असेल तर तो शमतो), कल्क बोटांत वळला की त्याची वात होते, ती अग्नीवर टाकली तर तडतडत नाही, आणि द्रव्याचा गंध एकाएकी उमलून येतो. मध्यम पाक आणि खरपाक यांत फार थोडे अंतर असते. अवलेहाचेही तसेच: तार सुटली, थेंब पाण्यात बुडाला, बोटाचा ठसा उमटला की कढई उतरवायची. त्या वेळी डोळा, नाक, कान आणि बोटे यांच्यामागे मन अखंड फिरत असते. करविवरणाची तारीख तेथे आठवत नाही, आणि दिवसभराच्या श्रमानंतरही माणूस प्रसन्न दिसतो. २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून नोंदींचे काम वाढले. नोंदी हव्यातच, मात्र पाकाच्या वेळी वही दुसऱ्याच्या हाती द्यावी, असे आमचे मत आहे.

चिकित्सालयात हीच संधी नाडीपरीक्षेत असते. तीन बोटे मनगटावर ठेवून औषध देणाऱ्याला सूचना देणाऱ्या वैद्याला नाडी कळत नाही, आणि हे रुग्णाला तत्काळ कळते. तो विश्वास पुन्हा मिळविणे कोणत्याही कल्पाने साधत नाही.

वैद्यवर्गाला यासाठी निराळी साधना शोधण्याचे कारण नाही. द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकात डोळे मिटून चूर्णांचे रस ओळखलेली जीभ आपल्यापाशी आहेच. पदवीनंतर तिला ते काम क्वचितच मिळाले. दुपारी वीस मिनिटे दार लोटून घ्यावे, मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवावा आणि ताटातले षड्रस ओळखावेत. सुश्रुतांनी मधुर रस आधी घ्यावयास सांगितला आहे. आपला वरणभात-तुपाचा पहिला घास त्याला साजेसाच आहे. मेथीच्या भाजीतील तिक्त, मिरचीतला कटु सहज सापडतील. ताकातील आम्लामागचा कषाय अनुरस मात्र लपून बसतो. त्यासाठी वाटी सावकाश संपवावी लागते.