स्वातंत्र्याला मत, पिंपात रॉकेल
इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानी शहरात आमच्या घरमालकांनी २०१७ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्याच्या सार्वमताआधी, एकाच आठवड्यात दोन कामं केली. गच्चीवर कुर्दिस्तानचा झेंडा लावला आणि मागच्या बोळात रॉकेलची दोन जादा पिंपं भरून ठेवली. तांदळाची पोती आली, साखर आली, चहा आला. पासपोर्ट आणि घराचे कागद एका पिशवीत गेले, सोनं त्यांच्या आईच्या, म्हणजे घरातल्या आजींच्या, ताब्यात. मी तेव्हा बाझियानजवळच्या एका सिमेंट कारखान्यात विजेचं काम बघायचो आणि यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. घरमालकांना सगळे ‘काक’ म्हणत, मीही म्हणायचो. मी विचारलं, “काक, एवढी भीती वाटते तर मत कशाला देताय?” ते म्हणाले, “मत न देऊन कधी वाचलो?”

कुर्द लोक तीन ते चार कोटी असतील. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत ते वाटले गेले. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांच्या स्वतंत्र राज्याची शक्यता लिहिली होती, १९२३ च्या लोझानच्या तहात ती उरली नाही. तेव्हापासून इराकच्या कुर्दांचं एक दुष्टचक्र आहे. बगदाद डळमळलं की यांना संधी दिसते, आणि नेमका तोच काळ घरादाराला सर्वांत धोक्याचा असतो.

आजींना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मार्च १९९१ मध्ये कुवेतच्या युद्धात सद्दाम हुसेन हरला, कुर्दांनी उठाव केला, सुलेमानी घेतली, किर्कुकही घेतलं. शहरात आनंदीआनंद. महिना संपता संपता सद्दामचं सैन्य उलट चालून आलं. हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायूचा हल्ला होऊन तीनच वर्षं झाली होती. १६ मार्च १९८८ च्या त्या एका दिवशी सुमारे ५,००० माणसं गेली होती. त्यामुळे या वेळी कुणी वाट पाहत बसलं नाही. दहा-पंधरा लाख लोक डोंगर चढून इराण आणि तुर्कस्तानच्या सीमेकडे निघाले. आजी पेंजवीनच्या रस्त्यानं गेल्या, पाऊस, चिखल आणि पाठीवर पोर. भिजलेलं पांघरूण इतकं जड झालं की दुपारी टाकून दिलं. रात्री थंडीत त्यासाठी स्वतःलाच शिव्या घातल्या, असं त्या सांगत. काक म्हणजे हातात पातेलं घेऊन मागून चालणारा थोरला मुलगा.

मग अमेरिका आणि मित्रदेशांनी ३६ अक्षांशाच्या उत्तरेला इराकी विमानांना बंदी घातली. सुलेमानी या रेषेच्या दक्षिणेला येते, पण नकाशा एवढा बारकाईनं कोण बघतो! लोक परतले, १९९२ मध्ये निवडणूक झाली, स्वतःचं सरकार आलं. आणि १९९४ पासून भाऊबंदकी सुरू झाली, बारझानींचा पक्ष विरुद्ध तालबानींचा. ऑगस्ट १९९६ मध्ये तर बारझानींच्या पक्षानं अर्बील शहर मिळवायला सद्दामच्याच सैन्याला हाक मारली. आजींचा जास्त राग यावर. “सद्दाम शत्रूच होता,” त्या म्हणत, “पण यांनी काय केलं?”

सद्दाम गेल्यावर २००५ च्या राज्यघटनेनं कुर्दिस्तानला स्वायत्त प्रदेश म्हणून मान्यता दिली. पुढे तेलावरून भांडण होऊन २०१४ च्या सुरुवातीला बगदादनं अंदाजपत्रकातला वाटा रोखला. त्याच वर्षी जूनमध्ये आयसिसनं मोसूल घेतलं, इराकी सैन्य पळालं आणि पेशमर्गांनी, म्हणजे कुर्दांच्या सैनिकांनी, किर्कुक ताब्यात घेतलं. पुन्हा संधी, पुन्हा धोका. काकांची सून सरकारी शाळेत शिक्षिका. २०१६ पासून ‘सक्तीची बचत’ या नावाखाली तिच्या पगाराचा मोठा भाग कापला जाऊ लागला. ती बचत परत कधी मिळणार, हे कुणी सांगत नव्हतं.

म्हणून सार्वमताच्या दिवशी, २५ सप्टेंबर २०१७ ला, त्या घराचं एकमत नव्हतं. मतपत्रिकेवर प्रश्न चार भाषांत होता: कुर्दी, अरबी, तुर्कमेन आणि असीरियन. काक आणि आजी शाई लावलेलं बोट मिरवत आले. सून गेलीच नाही. सुलेमानीत ‘सध्या नको’ म्हणणाऱ्यांची मोहीम जोरात होती आणि मतदानही इतर भागांपेक्षा कमी झालं. एकूण निकाल मात्र जवळजवळ ९३ टक्के ‘हो’. बगदाद, तेहरान आणि अंकारा विरोधात होते. अमेरिकेनंही नको म्हणून सांगितलं होतं. माझ्या मते नेत्यांना हे सगळं दिसत होतं, तरी त्यांनी तारीख पुढे ढकलली नाही.

२९ तारखेला अर्बील आणि सुलेमानीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. आता बाहेर पडायचं तर बगदादमार्गे, आणि कुर्दिस्तानचा व्हिसा तेव्हा बगदादला चालत नव्हता, त्यामुळे आमच्यातले बरेच भारतीय त्याआधीच निघून गेले. माझा करार डिसेंबरपर्यंतचा, मी राहिलो. १६ ऑक्टोबरला इराकी सैन्य किर्कुकमध्ये शिरलं. तालबानींच्या पक्षातल्या एका गटानं बगदादशी आतून समझोता केला, असा आरोप बारझानींच्या पक्षानं केला. पेशमर्गा मागे हटले एवढं खरं. किर्कुक-चमचमाल-सुलेमानी रस्ता बाझियानवरूनच जातो. दिवसभर मोटारींची रांग, टपावर गाद्या, मागच्या सीटवर गॅसची टाकी आणि म्हाताऱ्या बायका. गावकरी नान आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. काकांच्या बहिणीचं सगळं कुटुंब त्या रात्री आलं आणि हिवाळाभर राहिलं. साठवलेलं रॉकेल त्यांच्या हिटरला गेलं.

किर्कुकबरोबर तेलाचं निम्मं उत्पन्न गेलं. १ नोव्हेंबरला मसूद बारझानी कुर्दिस्तानच्या अध्यक्षपदावरून उतरले. परदेशी विमानं पुन्हा यायला मार्च २०१८ उजाडला. त्याच महिन्यात शिक्षक पगारासाठी रस्त्यावर होते.

हे पगाराचं दुखणं अजून मिटलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बगदादच्या सर्वोच्च न्यायालयानं कुर्दिस्तानच्या कर्मचाऱ्यांचे पगार केंद्र सरकारनं थेट द्यावेत, असा निकाल दिला. तरी २०२५ च्या सुरुवातीला सुलेमानीतल्या शिक्षकांना थकलेल्या पगारासाठी उपोषणाला बसावं लागलं. ज्यांच्यापासून वेगळं व्हायला मत दिलं, त्यांच्याच खजिन्यातून पगार मागायचा, हे काकांना अपमानाचं वाटतं. सून म्हणते, कुठल्या खात्यातून येतो ते नंतर बघू, आधी वेळेवर येऊ दे. हा वाद त्या घरात अजून चालू आहे, आणि फोन केला की दोघंही मला आपापली बाजू ऐकवतात.