दहा दगावतात, नव्वद वाचतात

नांदेडचा विष्णुपुरीचा सरकारी दवाखाना असो की लातूरचा, ऑपरेशनचं नाव निघालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘काही झालं तर?’ ऑपरेशन केलंच नाही तर काय होईल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. याला अडाणीपणा म्हणू नये. माणसाचं मनच तसं घडलेलं आहे.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की नफा-तोटा आपण आज जिथे उभे आहोत तिथून मोजतो आणि मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख जास्त सलतं. पुढच्या प्रयोगांत ते साधारण दुप्पट भरलं.

१९८२ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं एक काल्पनिक उदाहरण घेऊन शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा प्रश्न रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना विचारला गेला. काहींना जगणाऱ्यांचे आकडे दिले, म्हणजे शस्त्रक्रियेतून शंभरातले नव्वद वाचतात. काहींना तेच आकडे मरणाऱ्यांचे म्हणून दिले, शंभरातले दहा दगावतात. पहिल्या गटात १८ टक्के लोकांनी किरणोपचार निवडले, दुसऱ्यात ४४ टक्क्यांनी. शिकलेले डॉक्टरही यातून सुटले नाहीत.

या धास्तीची दुसरी बाजू जास्त घातक आहे. समोर सगळा तोटाच दिसू लागला, की सावध माणूसही जुगार खेळतो. तपासणीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं जाणार, आणि वर ‘काही निघालं तर?’ हा घोर. हे नुकसान आजचं आणि पक्कं. आजार मात्र असेल किंवा नसेल. मग ‘दुखत तर नाही, बघू पुढे’ म्हणत बाई सोयाबीनच्या काढणीला निघून जाते.

या जुगाराची किंमत आपल्याच भागात मोजली गेली आहे. लातूर १९८२ पर्यंत ज्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात होतं, तिथल्या खेड्यांत टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. विषय होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटासाठी या कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी ठेवली, त्यात कॅन्सर निघाला १२७ जणींना. नेहमीच्याच सोयीवर राहिलेल्या ३१,४८८ जणींत ११८ जणींना. म्हणजे ‘निघण्याचं’ प्रमाण जवळपास सारखंच. पण पुढच्या टप्प्याला गेलेला आजार पहिल्या गटात ३९ जणींत होता, दुसऱ्यात ८२. मृत्यू ३४ आणि ६४.

तपासणीने आजार आणला नाही. होता तोच वेळेत दाखवला.

म्हणून डॉक्टरांनी दोन्ही आकडे एकाच दमात सांगावेत: शंभरात नव्वद वाचतात, दहा दगावतात. आणि आपण दवाखान्यात गेलो की ‘काही झालं तर?’ जरूर विचारावं. पण उठण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा, ‘आणि काहीच केलं नाही तर?’ दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून मगच काय ते ठरवावं.