चादरींसाठी घडवलेले कपाट

आपल्या घरी चादरी आणि टेबलक्लॉथ कोठे ठेवतात? कपाटाच्या एखाद्या खणात. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सधन घरांत मात्र त्यांच्यासाठी वेगळे कपाट असे. त्याचे नाव 'लिनन प्रेस'. 'प्रेस' हा इंग्रजीत कपाटासाठीचाही एक जुना शब्द आहे.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडातील तंतूंचे कापड. ते हाताने कातावे आणि विणावे लागे, म्हणून महाग पडे. त्या काळच्या मृत्युपत्रांत चादरींचीही नोंद सापडते. अशा मौल्यवान वस्तूसाठी कपाटही तसेच हवे.

या कपाटाचे दोन भाग असत. वर दोन दारांआड सरकते, उथळ ट्रे आणि खाली खण. कपडे घडी करून आडवे ठेवत. हँगरला टांगण्याची पद्धत रुळली ती पुष्कळ नंतर.

कपाट बहुधा महोगनीचे. दारांवर फिक्या लाकडाच्या बारीक रेषा किंवा शिंपल्याची, पानाफुलांची नक्षी जडवलेली असे. नक्षीसाठी लाकडाचे पातळ तुकडे कापत आणि त्यांची कड तापलेल्या वाळूत धरत. कड किंचित करपली की पाकळीला सावली आल्यासारखी दिसे. रंग अजिबात न वापरता! जॉर्ज हेपलव्हाइट यांच्या निधनानंतर १७८८ साली त्यांचे नमुनापुस्तक निघाले. त्यात सरकत्या ट्रेंच्या कपाटांची चित्रे आहेत.

या सौंदर्याला दुसरी बाजूही आहे. जमैका आणि होंडुरासच्या जंगलांतील महोगनी गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांकडून तोडून घेतली जाई. कारागिराच्या कौशल्याबरोबर त्यांचे कष्टही विसरू नयेत.

पुढे कपडे टांगण्याची सवय लागली आणि अनेक कपाटांतील ट्रे काढून दांडी बसवली गेली. काहींत तर दूरदर्शन संच ठेवले गेले. म्हणूनच मूळ ट्रे शाबूत असलेल्या कपाटाला जाणकार अधिक मान देतात. ट्रे गेले की कपाट राहते, पण ते कशासाठी होते हे सांगणारा पुरावा जातो.

पालकांना एक विनंती. घरात आजी-आजोबांचे जुने कपाट असेल, तर ओल्या फडक्याने न पुसता कोरड्या, मऊ कापडाने पुसावे. आणि त्यातील एखादा खण 'निरुपयोगी' म्हणून काढण्यापूर्वी, त्यात काय ठेवत असत, हे घरातील वडीलधाऱ्यांना मुलांसमोर जरूर विचारावे.