सिंफनिक बॅले

सिंफनिक बॅले हा पाश्चात्त्य नृत्यकलेतील एक प्रकार आहे. यात नृत्याची रचना मैफलीत ऐकण्यासाठी लिहिलेल्या सिंफनीवर किंवा तशाच स्वरूपाच्या वाद्यवृंदसंगीतावर केलेली असते. ते संगीत मुळात नृत्यासाठी लिहिलेले नसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशिया, फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या देशांत हा प्रकार रुजला. लेओनीद मासीन यांनी १९३३ मध्ये चायकोव्स्कीची पाचवी आणि ब्राम्सची चौथी सिंफनी रंगमंचावर आणली, तेव्हा असे करणे योग्य की अयोग्य यावर संगीतसमीक्षक आणि नृत्यसमीक्षक यांच्यात मोठा वाद झाला. वादाची धार पुढे बोथट झाली असली, तरी विशिष्ट कलाकृतींच्या बाबतीत तो पुन्हा पुन्हा उद्भवलेला दिसतो.

मराठीत बॅलेसाठी 'नृत्यनाट्य' हा प्रतिशब्द रूढ आहे. तो या प्रकाराला नीटसा लागू पडत नाही, कारण यातील अनेक कृतींत कथानक नसते, पात्रे नसतात आणि नाट्यही नसते. संगीताची बांधणी हाच त्यांचा विषय असतो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात बॅलेचे संगीत मागणीनुसार लिहिले जाई. सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीवर बॅले-संगीतकार असे स्वतंत्र पदच होते; चेझारे पुन्यी आणि त्यांच्यानंतर लुडविग मिंकुस यांनी ते सांभाळले. नृत्यदिग्दर्शक मारियुस पेतिपा हे कोणत्या प्रसंगाला किती मात्रांचे, कोणत्या लयीचे आणि कोणत्या भावाचे संगीत हवे याची तपशीलवार टिपणे संगीतकाराला देत. 'स्लीपिंग ब्यूटी' (१८९०) या बॅलेसाठी चायकोव्स्की यांनाही अशीच टिपणे मिळाली होती. संगीत आधी आणि नृत्य नंतर, हा क्रम त्या काळी जवळजवळ अकल्पनीय होता.

या व्यवस्थेमुळे बॅलेचे संगीत दुय्यम दर्जाचे, अशी समजूत पसरली. चायकोव्स्की यांच्या चौथ्या सिंफनीत बॅले-संगीताचा वास येतो, अशी तक्रार त्यांचे शिष्य सेर्गेई तानेयेव्ह यांनी १८७८ मध्ये केली होती. बॅले-संगीत म्हणजे काहीतरी हिणकस असे का मानावे, हेच आपल्याला कळत नाही, अशा आशयाचे उत्तर चायकोव्स्की यांनी दिले. सिंफनिक बॅलेवरील पुढचा सगळा वाद या पत्रव्यवहारात बीजरूपाने दिसतो. सिंफनी उच्चासनावर आणि नृत्य पायरीवर, हे गृहीत धरले तरच सिंफनीवर नाचणे हा तिचा अधिक्षेप ठरतो.

क्रम उलटा करण्याचे धाडस प्रथम बॅलेच्या बाहेरून झाले. अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकन अनवाणी, साध्या अंगरख्यात, शोपँ आणि बेथोव्हेन यांच्या संगीतावर नृत्य करीत. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये वॉल्टर डॅमरॉश यांच्या वाद्यवृंदासह त्यांनी बेथोव्हेनची सातवी सिंफनी सादर केली. या सिंफनीचे वर्णन वाग्नर यांनी पूर्वीच नृत्याचा परमोत्कर्ष असे केले होते, आणि डंकन यांच्या समर्थकांना त्याचा आधार मिळाला. मिखाईल फोकिन यांनी १९०७ मध्ये शोपँच्या पियानोरचनांवर 'शोपिनियाना' हा बॅले रचला. तो पुढे 'ले सिल्फीद' या नावाने पॅरिसमध्ये गाजला.

शेहेरजादे आणि संगीतकाराची इच्छा

४ जून १९१० रोजी पॅरिस ऑपेरा येथे सर्ज द्याघिलेव्ह यांच्या बॅले रूस या संस्थेने 'शेहेरजादे' सादर केला. संगीत निकोलाई रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या १८८८ सालच्या याच नावाच्या सिंफनिक सूटचे, नृत्यरचना फोकिन यांची आणि नेपथ्य लेओन बाक्स्त यांचे होते. मूळ संगीताचा पहिला भाग पडदा वर जाण्यापूर्वी वाजवला गेला, तिसरा भाग वगळला गेला आणि उरलेल्या भागांवर जनानखान्यातील व्यभिचार व कत्तल यांची कथा बसवण्यात आली. संगीतकाराने शेवटच्या भागात समुद्र आणि खडकावर फुटणारे जहाज योजले होते. रंगमंचावर त्याच सुरांवर सुलतानाचे शिपाई तलवारी चालवत होते.

रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचे १९०८ मध्ये निधन झाले होते. आपल्या 'शेहेरजादे'वर डंकन यांनी नृत्य केले तर आपल्याला वाईट वाटेल, असे त्यांनी अखेरच्या काळातील एका पत्रात लिहून ठेवले होते. त्यांच्या पत्नी नाद्येझ्दा रिम्स्काया-कोर्साकोवा यांनी वृत्तपत्रातून या बॅलेचा जाहीर निषेध केला आणि द्याघिलेव्ह यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. बॅले मात्र प्रचंड यशस्वी झाला.

या प्रकरणात दोन तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. संगीत नृत्यासाठी वापरले ही एक, आणि ते कापून त्याला परकी गोष्ट जोडली ही दुसरी. पुढच्या काळात पहिल्या तक्रारीचे वजन कमी होत गेले, दुसरीचे टिकून राहिले.

लोपुखोव यांची नृत्यसिंफनी

७ मार्च १९२३ रोजी पेत्रोग्राद येथे फ्योदोर लोपुखोव यांनी बेथोव्हेनच्या चौथ्या सिंफनीवर 'विश्वाची महत्ता' ही 'नृत्यसिंफनी' सादर केली. तिच्यात कथानक नव्हते. प्रकाशाचा जन्म, सूर्याचा जन्म अशा कल्पनांचा धागा तेवढा होता. सिंफनीत एक स्वरकल्पना जशी मांडली जाते, बदलते आणि नव्या रूपात परतते, तशी एक हालचालही मांडावी, वाढवावी आणि परत आणावी, हे लोपुखोव यांचे सूत्र होते. 'स्वान लेक'चा प्रयोग संपल्यानंतर ही कृती दाखवण्यात आली. प्रेक्षकांनी ती थंडपणे, जवळजवळ शांततेत स्वीकारली आणि तिचा दुसरा जाहीर प्रयोग झाला नाही.

तरीही या एका प्रयोगाचा परिणाम दूरवर झाला, कारण रंगमंचावरील तरुण नर्तकांत गेओर्गी बालांचिवाद्झे, म्हणजे पुढचे जॉर्ज बॅलनशीन, होते.

मासीन आणि १९३० च्या दशकातील वाद

मासीन यांचा 'ले प्रेझाज' १३ एप्रिल १९३३ रोजी माँटे कार्लो येथे रंगमंचावर आला. चायकोव्स्कीच्या पाचव्या सिंफनीचे चारही भाग त्यात होते. कृती, वासना, चंचलता, नियती आणि नायक अशा प्रतीकात्मक भूमिका होत्या, आणि नेपथ्य अतिवास्तववादी चित्रकार आंद्रे मासाँ यांचे होते. सिंफनीत नियतीचा स्वरविषय पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ही योजना फारशी ओढूनताणून आणलेली वाटली नाही.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला लंडनच्या अलाम्ब्रा थिएटरमध्ये 'कोरेआर्टियम' झाला. त्याचा आधार ब्राम्सची चौथी सिंफनी. तिला कथा नाही, शीर्षक नाही. शुद्ध संगीताचा आदर्श नमुना म्हणून ती ओळखली जाते. मासीन यांनीही तिला कथा दिली नाही. संगीताच्या नाजूक ओळींना प्रामुख्याने नर्तिका आणि भारदस्त ओळींना नर्तक, अशी ढोबळ विभागणी त्यांनी केली. वादाला खरे तोंड फुटले ते येथे. संगीतप्रेमींच्या एका गटाला ही आगळीक वाटली. 'संडे टाइम्स'चे संगीतसमीक्षक अर्नेस्ट न्यूमन हे स्वतः संगीताचे गाढे अभ्यासक असूनही त्यांनी मासीन यांची बाजू घेतली. संगीतकार आणि बॅले-वाद्यवृंदाचे संचालक कॉन्स्टंट लॅम्बर्ट यांनी मात्र सिंफनीवर बॅले रचण्याच्या प्रथेविरुद्ध लिहिले.

मासीन यांनी पुढे बर्लिओझच्या 'सिंफनी फँतास्तिक'वर (१९३६), बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीवर (१९३८) आणि शोस्टाकोविचच्या पहिल्या सिंफनीवर (१९३९) बॅले केले. यांपैकी बर्लिओझच्या बाबतीत वाद कमी होता, कारण त्याच्या सिंफनीला संगीतकाराने स्वतःच कथा जोडलेली आहे आणि तिच्या दुसऱ्या भागात नृत्याच्या समारंभातील वॉल्ट्झही आहे. बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीला सृष्टीची उत्पत्ती, पृथ्वी, आकाश आणि विनाश अशी चौकट दिल्याने ती मात्र अधिक कृत्रिम भासते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

पहिला आक्षेप तांत्रिक आहे, आणि तोच सर्वांत कमी चर्चिला जातो. मैफलीतील संचालक एखादा स्वर लांबवू शकतो, एखाद्या ठिकाणी लय चढवू शकतो. हवेत उडालेला नर्तक मात्र ठरावीक वेळेतच खाली येतो. उंच उडीला लागणारी लय आणि सिंफनीला शोभणारी लय एकच असेल असे नाही. तडजोड झाली की बहुधा संगीताला झुकावे लागते. संथ भागांत उलट अडचण येते, कारण व्हायोलिनवर सहज टिकणारा दीर्घ स्वर शरीराला तोल सांभाळत टिकवावा लागतो. विस्तारविभागात सिंफनी काही मात्रांत अनेक स्वरपट्ट्या ओलांडते. त्या प्रवासाला हालचालीत सरळ पर्याय नाही, म्हणून दुबळ्या रचनांत नर्तक तेथे केवळ धावपळ करताना दिसतात. शिवाय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यात मैफलीइतके वादक मावत नाहीत, आणि दौऱ्यावरच्या संस्थांना पूर्ण वाद्यवृंद परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की सिंफनी स्वयंपूर्ण असते. तिला दृश्य जोडले की श्रोत्याची कल्पनाशक्ती एकाच चित्राला बांधली जाते. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी त्याची सीमारेषा धूसर आहे. अठराव्या शतकातील सिंफनीचा तिसरा भाग म्हणजे मिन्युएट, मुळात दरबारी नृत्यच. 'कोरेआर्टियम'वर चिडलेल्यांना ज्या ब्राम्सची काळजी वाटत होती, त्याच्या चौथ्या सिंफनीचा शेवटचा भाग पासाकालिया आहे: आठ मात्रांच्या आवर्तनावर तीस रूपांतरे. पासाकालियाचे नाते जुन्या नृत्यप्रकारांशी आहे. उलट दिशेच्या वाहतुकीला तर कोणीच हरकत घेतली नाही. स्त्राविन्स्की यांचे 'द राइट ऑफ स्प्रिंग' (१९१३) आणि राव्हेल यांचे 'दाफ्निस ए क्लोए' (१९१२) हे दोन्ही बॅलेसाठी लिहिलेले असूनही आज ते मुख्यतः मैफलीत ऐकू येतात. राव्हेल यांनी तर आपल्या कृतीला नृत्यमय सिंफनी म्हटले होते.

तिसरा आक्षेप संगीतकाराच्या इच्छेचा. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचे उदाहरण वर आले आहे. त्याच्या विरुद्ध टोकाला स्त्राविन्स्की आहेत. त्यांच्या पियानो व वाद्यवृंदासाठीच्या 'मूव्हमेंट्स' या मैफलीच्या रचनेवर बॅलनशीन यांनी १९६३ मध्ये बॅले केला. तो पाहताना, आपण नकाशा काढलेल्या पण आतून कधीच न पाहिलेल्या इमारतीतून फिरल्यासारखे वाटले, असे संगीतकाराने नोंदवले आहे. त्यांना तेथे अतिक्रमण झाल्यासारखे वाटले नाही. स्वतःच्याच संगीताची नव्याने ओळख झाली.

बॅलनशीन

बॅलनशीन यांनी वाद घालण्यापेक्षा निवड काटेकोर केली. अमेरिकेतील त्यांचा पहिला बॅले 'सेरेनेड' (१९३४) चायकोव्स्कीच्या तंतुवाद्यांसाठीच्या सेरेनेडवर आहे. तेथे त्यांनी संगीताला हातही लावला: शेवटचे दोन भाग उलट क्रमाने ठेवून बॅलेचा शेवट आनंदी रशियन नृत्याऐवजी शोकगीताने केला. 'शेहेरजादे'बद्दल जे आक्षेपार्ह ठरले, तेच येथे फारसे कोणाला खटकत नाही. याचे कारण बहुधा हे, की क्रम बदलला तरी स्वरांवर परकी गोष्ट लादलेली नाही.

बिझे यांच्या सी मेजर सिंफनीवरील बॅले २८ जुलै १९४७ रोजी पॅरिस ऑपेरा येथे 'ल पाले द क्रिस्ताल' या नावाने झाला. न्यूयॉर्कमध्ये त्याला 'सिंफनी इन सी' हे नाव मिळाले. बिझे यांनी ही सिंफनी १८५५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिली होती. ती १९३५ पर्यंत वाजवलीच गेली नव्हती. त्यामुळे तिच्याभोवती पावित्र्याचे वलय नव्हते आणि बॅले झाल्यावर अपमानाची भाषा कोणी केली नाही. प्रत्येक भागाला एक प्रमुख जोडी आहे, आणि शेवटी चारही भागांतील सर्व नर्तक एकत्र येतात. बेथोव्हेनच्या सिंफन्यांना मात्र बॅलनशीन यांनी हात लावला नाही.

युद्धानंतरचा काळ

ब्रिटनमध्ये फ्रेडरिक ॲश्टन यांनी सेझार फ्राँक यांच्या 'सिंफनिक व्हेरिएशन्स'वर २४ एप्रिल १९४६ रोजी कॉव्हेंट गार्डन येथे फक्त सहा नर्तकांचा बॅले सादर केला. मोठ्या संगीताला मोठा समूह लागतोच, ही मासीन यांच्या काळापासूनची समजूत त्याने मोडली. सोव्हिएत संघात इगोर बेल्स्की यांनी शोस्टाकोविचच्या सातव्या सिंफनीच्या पहिल्या भागावर 'लेनिनग्राद सिंफनी' (१९६१) रचला. वेढ्यात अडकलेल्या त्या शहरात १९४२ मध्ये ही सिंफनी वाजली होती, त्यामुळे तेथील प्रेक्षकांना तिच्यातून युद्धाचे दृश्य उभे राहणे परके वाटले नाही. मोरीस बेझार यांनी १९६४ मध्ये ब्रसेल्स येथे बेथोव्हेनची नववी सिंफनी, तर जॉन नॉयमायर यांनी १९७५ मध्ये हँबुर्ग येथे माहलरची तिसरी सिंफनी संपूर्ण रंगमंचावर आणली.

माहलरच्याच 'दास लीड फॉन डेर एर्ड' या गीत-सिंफनीवर बॅले करण्याची केनेथ मॅकमिलन यांची इच्छा होती. हे संगीत नृत्यासाठी उचित नाही, असे ठरवून लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या संचालक मंडळाने परवानगी नाकारली. मॅकमिलन जर्मनीतील स्टुटगार्टला, जॉन क्रँको यांच्या संस्थेकडे गेले आणि ७ नोव्हेंबर १९६५ रोजी तेथे हा बॅले सादर झाला. काही महिन्यांतच, १९६६ मध्ये, तोच बॅले लंडनच्या रॉयल बॅलेने आपल्या कार्यक्रमात घेतला. फोरे यांच्या 'रेक्विएम'च्या बाबतीतही हेच घडले. धार्मिक संगीतावर नृत्य नको म्हणून लंडनने नकार दिला, १९७६ मध्ये स्टुटगार्टने तो बॅले तीन वर्षांपूर्वी निधन पावलेल्या क्रँको यांच्या स्मरणार्थ केला आणि १९८३ मध्ये तो लंडनला पोहोचला.