तेरड्याचे किलिमांजारोवरचे भाऊबंद

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण सहज म्हणून जातो. पण या तीन दिवसांच्या रंगाचे गणगोत कुठवर पसरले आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? भाद्रपदात गौरींना वाहायचा तेरडा, म्हणजे इकडे रायपूर-बीरगांवात हिंदीतून बोलताना आपण जिला गुलमेहंदी म्हणतो ती, तिचे भाऊबंद थेट आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर राहतात!

तेरड्याच्या घराण्यात जगभर हजाराहून अधिक जाती आहेत. पिकलेल्या शेंगेला बोट लागताच ती फटकन फुटते आणि बिया उडतात, ही त्यांची ओळख. म्हणूनच त्यांचे शास्त्रीय नाव ‘इम्पेशन्स’, म्हणजे अधीर. यातल्या बहुतेक जातींना दमट, गार डोंगर आवडतात.

एकाच पर्वतावर अनेक प्रदेश

टांझानियातला किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. आफ्रिकेतले हे सर्वांत उंच शिखर. दर हजार मीटर वर गेलो की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. त्यामुळे पायथ्याशी केळी आणि कॉफीच्या बागा, त्यावर घनदाट जंगल, मग झुडपांचा पट्टा, पुढे उघडे खडक आणि माथ्यावर बर्फ, असे सगळे एकाच पर्वतावर दिसते.

जंगलात काळी-पांढरी कोलोबस माकडे असतात. त्यांच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतोच. ‘इम्पेशन्स किलिमांजारी’ हा सोंडेसारख्या वाकड्या शेपटीचा लाल तेरडाही याच जंगलातला. जगात तो दुसरीकडे कुठेही रानात उगवत नाही. आणखी वर गेलात तर माणसाहून उंच सेनेशिओची झाडे भेटतील. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत खोड गोठू नये म्हणून ही झाडे आपली वाळलेली पानेच गोधडीसारखी खोडाभोवती धरून ठेवतात.

आपला सह्याद्री

आता साताऱ्याजवळच्या कास पठारावर या. उंची जेमतेम १,२०० मीटर. कातळावर मातीचा पातळ थर, तोही पावसाळ्यापुरता ओला. पण याच मातीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेरड्याचा गुलाबी गालिचा पसरतो. त्यातली ‘इम्पेशन्स लॉवी’ ही जात पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. मातीत कस कमी, म्हणून दवबिंदूसारखी रोपे चक्क किडे पकडून खातात. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा तुरा येणारा वायतुरा सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवरच उगवतो आणि त्याच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे!

किलिमांजारो राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तर काससह पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे २०१२ मध्ये.

डोंगर म्हणजे जमिनीवरची बेटे

हे वेगळेपण येते कुठून? गारव्याला सरावलेले रोप भोवतालच्या तापलेल्या मैदानात टिकत नाही. त्यामुळे ते खाली उतरून दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकत नाही. लाखो वर्षे असे एकटे राहिल्यावर त्याची स्वतंत्र जात तयार होते.

पण जे त्याचे वैभव, तीच त्याची अडचण. ज्याचे एकच घर, त्याचे ते घर मोडले तर जायचे कुठे? किलिमांजारोवरचे १९१२ पासूनचे बहुतेक बर्फ वितळून गेले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच्या उतारांवर मोठा वणवा पेटला होता. कासला तर वणव्याचीही गरज नाही, फोटोसाठी फुलांत बसणारी माणसे पुरतात. रोप तुडवले गेले की त्याला बी धरत नाही, आणि बी नाही तर पुढच्या पावसात फूल नाही.

तुम्ही काय कराल?

- कासला जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करा.
- आखलेली पायवाट सोडू नका. फूल तोडू नका आणि रोप उपटून घरीही आणू नका, ते कुंडीत जगणार नाही.
- गौरींसाठी तेरडा घरीच लावा. पावसाच्या सुरुवातीला कुंडीत बी टाकले की भाद्रपदापर्यंत फुले येतात.

आणि शेंगा पिकल्या की मुलांना हात लावू द्या. फटकन उडालेल्या बिया मात्र त्यांच्याकडूनच वेचून घ्या, पुढच्या वर्षीच्या गौरींसाठी!